मुलांच्या फुटबॉल सामन्यात पंच म्हणून उभे राहणाऱ्या पालकांसाठी

भातकापणी आटोपून मळ्यातले खुंट वाळले की पेडण्यापासून काणकोणापर्यंत गावोगावी चुन्याच्या रेषा आखल्या जातात आणि शनिवार-रविवारच्या संध्याकाळी मुलांचे फुटबॉल सामने सुरू होतात. गोवा सरकारने २०१२ साली फुटबॉलला राज्यखेळाचा दर्जा दिला आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ पासून लहान मुलांसाठी ‘बेबी लीग’ची कल्पना देशभर राबवायला घेतली. मात्र वाड्यावाड्यांत होणाऱ्या दहा-बारा वर्षांखालील मुलांच्या प्रत्येक सामन्याला प्रशिक्षित पंच मिळतोच असे नाही. मग आयोजक कडेला उभ्या असलेल्या पालकांकडे वळतात आणि विचारतात, “आज शिट्टी तुम्ही घ्याल का?”

हा प्रश्न आला की बहुतेक पालक ‘मला सगळे नियम ठाऊक नाहीत’ असे सांगून मागे सरतात. काही हंगाम हे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की मुलांच्या सामन्यापुरते नियम चार संध्याकाळी मन लावून वाचले तर समजतात; त्याहून अवघड आहे ते कुठे उभे राहावे, शिट्टी केव्हा वाजवू नये आणि स्वतःचे मूल मैदानात असताना कसे वागावे हे शिकणे. म्हणून या लेखात सर्व नियमांची उजळणी केलेली नाही; पालकाची जेथे खरोखर अडचण होते, तेथेच अधिक थांबलो आहे.

होकार देण्यापूर्वी

आयोजकाला सर्वांत आधी वयोगट विचारावा, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यावरूनच ठरतात. फुटबॉलचे १७ नियम जगभर एकच असले, तरी मुलांच्या सामन्यांसाठी मैदानाचा आकार, गोलाची रुंदी व उंची, चेंडूचा आकार, सामन्याची वेळ आणि बदली खेळाडूंची पद्धत बदलण्याची मुभा त्या नियमांतच दिलेली आहे. त्यामुळे एका स्पर्धेत पाच-पाच खेळाडू व ऑफसाइड नाही, दुसरीत सात-सात आणि तिसरीत नऊ-नऊ खेळाडू व ऑफसाइड (प्रतिस्पर्ध्यांच्या बचावापलीकडे आधीच उभे राहून चेंडू घेण्याची मनाई) लागू, असे असू शकते. प्रत्येक संघात किती खेळाडू, किती मिनिटांचे दोन भाग, बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो का, ऑफसाइड आहे का, बरोबरी झाल्यास पुढे काय आणि कार्डे वापरायची आहेत का, एवढ्या गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. तोंडी सांगितलेला नियम सामन्याच्या विसाव्या मिनिटाला दोन प्रशिक्षकांना दोन प्रकारे आठवतो.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारावा: या सामन्यात माझे मूल खेळणार आहे का? शक्य असेल तर स्वतःच्या मुलाच्या सामन्यात पंच होऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. सर्वांत सोपी व्यवस्था अदलाबदलीची आहे. अकरा वर्षांखालील मुलांच्या पालकांनी तेरा वर्षांखालील मुलांच्या सामन्यात उभे राहावे आणि तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांनी अकरा वर्षांखालील मुलांच्या. दोन्ही सामने एकाच मैदानावर पाठोपाठ असले, तर कोणाचीही फेरी वाढत नाही.

आपण आपल्या मुलाच्या बाजूने झुकू, एवढीच भीती पालकाला वाटते. उलट बाजूने झुकण्याचा धोकाही तितकाच असतो आणि तो कोणी बोलून दाखवत नाही. पहिल्याच हंगामात दुसरे कोणी नसल्यामुळे माझ्या मुलाच्या संघाचा सामना माझ्याकडे आला. उत्तरार्धात तो चेंडू घेऊन पेनल्टी क्षेत्रात, म्हणजे गोलासमोर आखलेल्या चौकटीत, शिरला आणि मागून पाय लागल्यामुळे पडला. मला ते स्वच्छ दिसले होते. तरीही मी शिट्टी वाजवली नाही, कारण त्या क्षणी समोरच्या गावातून आलेल्या पालकांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आले. सामना बरोबरीत सुटला. परतताना स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाने एवढेच विचारले, “बाबा, दुसरा कोणी पंच असता, तर त्याने पेनल्टी दिली असती ना?” त्या प्रश्नाला ‘होय’ हेच खरे उत्तर होते आणि मी ते दिले.

नाइलाज झालाच, तर सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांना आणि कर्णधारांना स्पष्ट सांगावे की अमुक क्रमांकाचा खेळाडू माझा मुलगा किंवा मुलगी आहे. मैदानात त्याला घरच्या नावाने हाक मारू नये. इतरांप्रमाणे क्रमांकानेच बोलवावे. शक्य झाल्यास उत्तरार्ध समोरच्या संघाच्या एखाद्या पालकाकडे सोपवावा. आपल्याच मुलाला लागले, तर शिट्टी कोणाच्या हाती द्यायची, हेही आधीच ठरवून ठेवावे. त्या वेळी आपण पंच राहू शकत नाही आणि राहण्याची गरजही नसते.

हे काम वडिलांचेच आहे असेही कोणी मानू नये. गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी २०१६ साली जॉर्डन येथे झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात साहाय्यक पंच म्हणून काम केले आहे. आपल्या गावच्या मैदानावर एखाद्या मुलाची आई शिट्टी घेऊन उभी राहिली, तर तिला शंकेने पाहणाऱ्यांना एवढे एक उदाहरण सांगणे पुरेसे आहे.

नियम कोणत्या क्रमाने वाचावेत

फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे, म्हणजे इफाबचे, नियमपुस्तक मोबाइलच्या ॲपवर विनामूल्य मिळते. ते पहिल्या नियमापासून वाचायला घेतले, तर मैदानाच्या मापांतच उत्साह संपतो. म्हणून आधी फाउल आणि गैरवर्तनाचा १२वा नियम वाचावा, मग ऑफसाइडचा ११वा, त्यानंतर फ्री किक, पेनल्टी, थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर यांचे १३ ते १७ हे नियम, आणि शेवटी पंचाच्या अधिकारांचा ५वा. वाचताना स्वतःच्या मराठीत एका पानाचे टिपण करावे. पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे मैदानावर गडबडीत त्यातले वाक्य आठवत नाही. आपल्या शब्दांत लिहिलेले मात्र आठवते.

शाळेत असताना स्वतः फुटबॉल खेळलेल्या पालकांनी येथे विशेष सावध राहावे, कारण त्यांच्या मनात जुने नियम पक्के बसलेले असतात. २०१६ पासून सुरुवातीची किक कोणत्याही दिशेला मारता येते. ती पुढेच मारली पाहिजे, हा आग्रह आता चुकीचा आहे. २०१९ पासून गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची वाट पाहावी लागत नाही. तो मारला गेला आणि स्पष्टपणे हलला की खेळात आला, प्रतिस्पर्ध्यांनी मात्र तोवर त्या क्षेत्राबाहेर राहायचे असते. त्याच वर्षापासून ‘ड्रॉप बॉल’साठी, म्हणजे पंचाने चेंडू जमिनीवर सोडून थांबलेला खेळ पुन्हा सुरू करताना, दोन खेळाडूंनी समोरासमोर उभे राहून झटापट करणे बंद झाले, चेंडू एकाच संघाच्या खेळाडूला दिला जातो आणि बाकी सर्वांनी किमान ४ मीटर दूर राहायचे असते. खेळ थांबला तेव्हा चेंडू पेनल्टी क्षेत्रात असेल, तर तो बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षकालाच मिळतो. चेंडू पंचाच्या अंगाला लागून थेट गोलात गेला, त्यातून एखाद्या संघाची धोकादायक चढाई सुरू झाली किंवा चेंडूचा ताबा दुसऱ्या संघाकडे गेला, तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यायचा. ‘पंच म्हणजे मैदानाचाच भाग’ हे जुने उत्तर आता चालत नाही. २०२५च्या बदलानुसार गोलरक्षकाने चेंडू हातात आठ सेकंदांहून अधिक काळ धरून ठेवला, तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो आणि शेवटची पाच सेकंदे पंचाने हात वर करून मोजून दाखवायची असतात. आठ-नऊ वर्षांच्या गोलरक्षकाला हे पहिल्यांदा घडताना शिक्षा न देता समजावून सांगणेच इष्ट आहे, परंतु प्रशिक्षकाने विचारले, तर योग्य उत्तर आपल्याकडे असले पाहिजे.

वाचनानंतर लगेच शिट्टी घेऊ नये. पहिल्या एक-दोन सामन्यांत झेंडा घेऊन बाजूरेषेवर उभे राहावे, नंतर संघाच्या सरावात होणाऱ्या आपापसांतल्या सामन्याचा एक भाग चालवावा आणि मगच स्पर्धेचा सामना स्वीकारावा. या सरावात मुलांना फारसा फरक पडत नाही, आपल्याला मात्र धावता धावता विचार करण्याची सवय होते.

पिशवीत काय असावे

दोन शिट्ट्या, दोन घड्याळे, नाणे, पेन्सिल व जाड कागद, पिवळे व लाल कार्ड, चेंडूत हवा भरायचा पंप आणि दोन्ही संघांच्या जर्सींपासून वेगळ्या रंगाचा शर्ट. आत दाणा नसलेली शिट्टी घ्यावी. दाण्याची शिट्टी पावसात भिजली की नेमकी गरजेच्या वेळी आवाज अडतो. पेनाऐवजी पेन्सिल यासाठी, की घामाने वा पावसाने ओल्या झालेल्या कागदावर तीच लिहिते. चेंडू लहान मुलांना ३ क्रमांकाचा, मधल्या वयाला ४ क्रमांकाचा आणि तेराच्या पुढे ५ क्रमांकाचा, अशी साधारण पद्धत आहे.

सामन्यापूर्वीचा पाऊण तास

या वेळेत केलेले काम नंतर दिसत नाही, पण माझ्या मते सामन्यातल्या कोणत्याही निर्णयाहून ते महत्त्वाचे आहे. सर्वांत आधी दोन्ही गोलपोस्ट हाताने जोर लावून हलवून पाहावेत. हलवता येण्याजोगे गोलपोस्ट उलटून त्याखाली मुले दगावल्याच्या घटना जगात घडलेल्या आहेत आणि आडव्या दांड्याला लोंबकळणे हा मुलांचा आवडता खेळ असतो. गोलपोस्ट जमिनीत पक्के रोवलेले नसतील, तर मागच्या पट्टीवर वाळूची पोती ठेवून ते बांधून घ्यावेत आणि हे होईपर्यंत सामना सुरू करू नये, मग आयोजक कितीही घाई करोत.

त्यानंतर मैदान पायाखाली घालावे. जांभ्याच्या मैदानावर पावसानंतर खडे वर येतात. मळ्यातल्या मैदानावर भाताचे टोकदार खुंट आणि बांधाजवळचे खड्डे असतात. आदल्या रात्री तेथे लोक बसले असतील, तर फुटलेल्या बाटलीच्या काचाही सापडतात. मुलांनाच रांगेत उभे करून मैदानभर हळूहळू चालवत खडे व कचरा उचलायला लावला, तर काम दहा मिनिटांत होते. काच मात्र मोठ्यांनीच उचलावी. माडाचे झाड मैदानावर झुकलेले असेल, तर चेंडू झावळीला लागल्यास काय करायचे, हे दोन्ही प्रशिक्षकांशी आताच ठरवावे. सूर्याकडेही पाहावे. नोव्हेंबरात गोव्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. साडेचारला सुरू झालेला सामना लांबला, तर शेवटची दहा मिनिटे गोलरक्षकाला चेंडू दिसत नाही. सुरुवातीला उशीर झाला असेल, तर दोन्ही भागांची वेळ सारखीच कमी करावी, पण ती पहिल्या शिट्टीपूर्वी आणि दोन्ही संघांच्या संमतीने.

खेळाडूंच्या तपासणीत बूट आणि शिनगार्ड (मोज्याखाली नडगीवर बांधायचे संरक्षण) पाहावेत. शिनगार्डशिवाय कोणालाही खेळू देऊ नये. मोज्याखाली पुठ्ठा घालून आलेली मुलेही मी पाहिली आहेत. कोणतेही दागिने चालत नाहीत आणि चिकटपट्टीने झाकलेले दागिनेही चालत नाहीत. आपल्याकडे हा मुद्दा नाजूक होतो, कारण कोणाच्या हातात देवळातला गंडा असतो, कोणाच्या गळ्यात रुद्राक्ष, कोणाच्या गळ्यात साखळीत ओवलेला क्रूस, आणि लहान मुलींच्या कानातली कुडी बहुधा कधीच काढलेली नसते. ऐन मैदानावर ‘काढ ते’ असे म्हटल्यास मूलही गोंधळते आणि घरच्यांनाही लागते. म्हणून आदल्या दिवशीच प्रशिक्षकांमार्फत सर्व घरांना निरोप पाठवावा की या वस्तू घरी देव्हाऱ्यापाशी किंवा आईपाशी ठेवून याव्यात. नियम सर्वांना सारखा आहे आणि गळ्यातली साखळी कोणाच्या बोटात अडकली, तर इजा दोघांनाही होते, एवढे कारण सांगितल्यावर एकाही पालकाने माझ्याशी वाद घातलेला नाही.

शेवटी झेंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या दोन पालकांशी बोलावे. हे बहुधा एकेका संघाचे असतात, म्हणून त्यांच्यावर फक्त चेंडू रेषेबाहेर गेल्याची खूण करण्याचे काम सोपवावे; ऑफसाइड आणि फाउल यांचा निर्णय आपणच द्यावा. चेंडू पूर्णपणे रेषेपलीकडे गेल्याशिवाय तो बाहेर गेला असे होत नाही, हे त्यांना चेंडू प्रत्यक्ष रेषेवर ठेवून दाखवावे.

शिट्टी वाजल्यानंतर

नवा पालक-पंच मध्यवर्तुळाजवळ उभा राहतो आणि तेथूनच निर्णय देतो. निर्णय बरोबर असला, तरी तीस-चाळीस मीटरवरून दिलेला निर्णय कोणी मानत नाही. तोच निर्णय दहा मीटरवरून दिला, तर मुले निमूट पुढे जातात. त्यामुळे चेंडूच्या मागे, दहा-पंधरा मीटर अंतरावर आणि थोडे बाजूला राहावे, म्हणजे चेंडू व त्यासाठी झगडणारे दोन खेळाडू यांच्यामधली फट दिसते. सरळ मागून पाहिले, तर पाय आधी चेंडूला लागला की घोट्याला, हे कळत नाही. मोठ्या मैदानावर एका कोपऱ्याकडून समोरच्या विरुद्ध कोपऱ्याकडे अशा तिरक्या रेषेत धावत राहावे, म्हणजे झेंडेवाले आपल्या समोर येतात.

शिट्टी ओठांत धरून धावू नये, हातात ठेवावी. ती तोंडाशी नेण्यात जो क्षण जातो, त्या क्षणात पुष्कळ चुकीचे निर्णय टळतात. ज्याच्यावर फाउल झाला तो खेळाडू न पडता चेंडू घेऊन पुढे निघाला असेल, तर हात पुढे करून मोठ्याने ‘खेळा, खेळा’ म्हणावे. दोन-तीन सेकंदांत त्याचा फायदा झाला नाही, तर शिट्टी वाजवून मूळ फाउल देता येतो. डोक्याला मार लागलेला असेल, तर हा फायद्याचा विचार करू नये. खेळ लगेच थांबवावा.

चेंडू उघडपणे बाहेर गेला, तर थ्रो-इन, गोल किक किंवा कॉर्नरसाठी शिट्टीची गरज नसते. हाताने दिशा दाखवणे पुरते. फाउलसाठी शिट्टी जोरात व एकदाच वाजवावी, हात दिशेला न्यावा आणि तोंडाने एक शब्द बोलावा: ‘ढकलले’, ‘पाय अडकवला’, ‘जर्सी ओढली’. प्रौढांच्या सामन्यात हे क्वचित लागते. मुलांना मात्र आपण काय चुकलो हे कळले नाही, तर तीच चूक पाच मिनिटांत पुन्हा होते. अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यातून थेट गोल करता येत नाही) असेल, तर एक हात सरळ वर धरून ठेवावा आणि चेंडू दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत तो खाली घेऊ नये.

फाउलची तीव्रता ठरवताना नियमांतल्या तीन पायऱ्या लक्षात ठेवाव्यात. निष्काळजीपणे झालेल्या फाउलला फक्त फ्री किक, दुसऱ्याला लागेल याची पर्वा न करता केलेल्या फाउलला पिवळे कार्ड आणि अतिरिक्त बळ वापरून दुसऱ्याच्या जिवाशी खेळणाऱ्या फाउलला लाल. दहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत जवळपास सगळे फाउल पहिल्या पायरीचेच असतात. त्या वयाला स्वतःच्या पायांवरच पुरता ताबा आलेला नसतो. मूल चिडून धक्के देऊ लागले, तर कार्डाऐवजी प्रशिक्षकाला सांगून त्याला पाच मिनिटे बाहेर बसवणे अधिक उपयोगी ठरते. मुलांच्या स्पर्धांत अशी तात्पुरती बाहेर बसण्याची शिक्षा ठेवण्याची सोय नियमांतही आहे आणि ती एकूण खेळाच्या वेळेच्या १० ते १५ टक्के असावी असे त्यांत म्हटले आहे. आपल्या स्पर्धेत ती लागू आहे का, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

सर्वांत जास्त ओरडा होतो तो ‘हँड, हँड’ असा. चेंडू हाताला लागला म्हणजे हँडबॉल झाला, असे नाही. हात मुद्दाम चेंडूकडे नेला असेल किंवा शरीर अस्वाभाविकपणे मोठे होईल असा तो पसरलेला असेल, तरच तो फाउल ठरतो. घाबरून चेहऱ्यापुढे हात धरणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला मी आजवर शिक्षा दिलेली नाही. मात्र चेंडू चुकून जरी स्वतःच्या हाताला लागून थेट गोलात गेला किंवा हाताला लागल्यावर लगेच त्याच खेळाडूने गोल केला, तर तो गोल धरू नये.

ऑफसाइड असेल तेथे तीन गोष्टी पाहाव्यात. सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात होता का, चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे होता का, आणि त्या जागी असल्यामुळे त्याने खेळात भाग घेतला का. नुसते तेथे उभे असणे हा गुन्हा नाही. थ्रो-इन, गोल किक व कॉर्नर यांतून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो. रेषेत उभे राहून पाहता आले नसेल आणि मनात शंका असेल, तर ऑफसाइड देऊ नये, असे मी ठरवून ठेवले आहे. लहान मुलांच्या सामन्यात एक गोल जास्त झाल्याने जितके बिघडते, त्याहून अधिक एका अंदाजी शिट्टीने बिघडते.

लहान मुलांचा थ्रो-इन पुष्कळदा चुकतो. दोन्ही हातांनी, डोक्यामागून व डोक्यावरून, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले आणि रेषेवर किंवा रेषेबाहेर, अशी पद्धत आहे. नियमाप्रमाणे चूक झाल्यास थ्रो प्रतिस्पर्ध्याला जातो; पण अगदी लहान गटात पहिल्या चुकीला तो पुन्हा टाकायला लावण्याचे दोन्ही प्रशिक्षकांशी ठरवून घ्यावे आणि मग ते दोन्ही संघांना सारखेच लागू करावे.

आपल्या मैदानांवर कुत्री आणि गुरे येतात, हेही धरून चालावे. कुत्रे कडेने धावत गेले, तर खेळ थांबवण्याचे कारण नाही. ते खेळात अडथळा आणू लागले किंवा मुले घाबरली, तर शिट्टी वाजवून थांबवावे आणि ते बाहेर गेल्यावर ड्रॉप बॉलने खेळ सुरू करावा.

इजा, उष्मा आणि वीज

गंभीर इजा वाटली, तर चेंडू कोणाकडेही असो, लगेच थांबवावे. पडलेल्या मुलाला हाताला धरून उठवू नये. आधी त्याच्याशी बोलावे. मान किंवा पाठ दुखते असे ते म्हणाले, तर त्याला जागचे हलवू नये आणि १०८ला फोन करावा. डोक्याला मार लागल्यानंतर मूल गोंधळलेले दिसत असेल, त्याला उलटी झाली, चक्कर आली किंवा सामन्यातला स्कोअर आठवत नसेल, तर ‘मी बरा आहे’ असे त्याने कितीही सांगितले तरी त्या दिवशी त्याला पुन्हा खेळू देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवण्यास त्याच्या घरच्यांना सांगावे. शंका असेल, तरीही हाच निर्णय. प्रशिक्षक नाराज होतो, होऊ द्यावा. सामन्याआधीच कोणाची गाडी मैदानाजवळ मोकळी ठेवायची आणि गरज पडल्यास म्हापशाचे किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय जवळ की बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, हे ठरलेले असावे.

मार्च उजाडला की दुपारचे सामने घेऊच नयेत असे माझे मत आहे. घ्यावेच लागले, तर प्रत्येक भागाच्या मध्यावर दीड ते तीन मिनिटे थांबून मुलांना सावलीत नेऊन पाणी द्यावे आणि ती वेळ शेवटी वाढवावी. ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात ढगांचा गडगडाट ऐकू आला, तर पाऊस सुरू होण्याची वाट न पाहता सर्वांना मैदानाबाहेर, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत न्यावे. माडाखाली कोणालाही उभे राहू देऊ नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटे गेल्याशिवाय परत यायचे नाही.

मुलांसोबत वावरताना प्रौढाने पाळायच्या मर्यादाही येथेच सांगायला हव्यात. कपडे बदलण्याच्या खोलीत पंचाने एकट्याने जाऊ नये, शिनगार्ड किंवा दागिने पाहताना स्वतः हात न लावता मुलाला दाखवायला सांगावे, आणि इतरांच्या मुलांची छायाचित्रे काढून पसरवू नयेत. गोवा बाल कायदा २००३ सालचा आहे. स्वयंसेवक म्हणून मैदानात उतरणाऱ्याने त्याची जाणीव ठेवावी.

कडेला उभे असलेले

‘रेफ्री, दिसना तुका?’ ही हाक प्रत्येक सामन्यात येते. एकदा आली, तर तिकडे मान वळवू नये. प्रेक्षकांना कार्ड दाखवण्याचा अधिकार पंचाला नसतो आणि त्यांच्याशी वाद घालत राहिलो, तर तेवढा वेळ मुलांकडे पाठ होते. ओरडा एखाद्या मुलावर होऊ लागला किंवा शिवीगाळ सुरू झाली, तर खेळ थांबावा अशी वेळ निवडून शिट्टी वाजवावी, दोन्ही प्रशिक्षकांना जवळ बोलवावे आणि हळू आवाजात सांगावे की आपल्या बाजूच्या लोकांशी तुम्ही बोला, तोवर मी थांबतो. मैदानभर पसरलेली ती शांतताच पुष्कळदा पुरते. तरीही थांबले नाही, तर आयोजकाने त्या व्यक्तीला मैदानापासून दूर न्यावे, आणि तेही झाले नाही, तर सामना तेथेच संपवण्याचा अधिकार पंचाला आहे. हा शेवटचा अधिकार मी एकदाही वापरलेला नाही. पण तो वापरायची तयारी आहे, हे आवाजावरून ऐकणाऱ्याला कळते.

प्रशिक्षकांची गोष्ट वेगळी आहे. २०१९ पासून त्यांनाही पिवळे व लाल कार्ड दाखवता येते. त्याआधी एकदा जवळ जाऊन, मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलावे. एखाद्या निर्णयाबद्दल विचारायचे असेल, तर फक्त कर्णधाराने यावे, असे नाणेफेकीच्या वेळीच सांगितले, तर सात-आठ मुले एकदम घेराव घालत नाहीत. कर्णधार आला, तर त्याला नीट उत्तर द्यावे. आपला निर्णय चुकला असे लक्षात आले आणि खेळ अजून पुन्हा सुरू झालेला नसेल, तर तो बदलता येतो व बदलावा. खेळ सुरू झाल्यावर मात्र तो बदलता येत नाही आणि पुढच्या प्रसंगात भरपाई म्हणून दुसरा चुकीचा निर्णय देणे तर मुळीच करू नये.

सामना संपल्यावर

हस्तांदोलनाची रांग पूर्ण होईपर्यंत मैदानात थांबावे, कारण हरलेल्या संघातल्या मुलांचे भांडण बहुधा याच वेळी होते. त्यानंतर अंतिम गुण, कार्डे आणि प्रत्येक इजा वेळेसह लिहून आयोजकाकडे द्यावी. कडेला कोणी निर्णयांविषयी विचारू लागले, तर ‘उद्या बोलू’ असे सांगून निघावे. त्या दिवशी कोणाचेही मन ऐकण्याच्या स्थितीत नसते. स्वतःचे मूल खेळले असेल, तर घरी जाताना सामन्याचा विषय त्याने काढला तरच बोलावे आणि ‘तू तेव्हा का दिलेस’ असे त्याने विचारल्यास इतर कोणत्याही कर्णधाराला दिले असते तेच उत्तर द्यावे.

दोन-तीन हंगाम असे गेल्यावर ज्यांना हे काम मनापासून आवडू लागते, त्यांनी गोवा फुटबॉल असोसिएशनकडे पंचांच्या प्राथमिक प्रशिक्षणाची चौकशी करावी. बाकीच्यांनी निदान एक सवय लावून घ्यावी. सामन्यात ज्या एका निर्णयाविषयी मनात खात्री नव्हती, तो घरी पोचताच कागदावर लिहावा, त्या रात्री नियमपुस्तकात तेवढेच पान शोधून वाचावे आणि उत्तर त्याच कागदावर उतरवून तो पुढच्या शनिवारच्या पिशवीत, कार्डांच्या मागे ठेवून द्यावा.